अमेरिकेंतील वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा व त्याच्या पुरवण्या

१. कागदांची हकीकत

गेल्या चातुर्मासांत आमच्या एका स्नेह्यांनीं कागदांचें एक पुडकें आमच्या हवालीं केलें. त्यांचे वडील बंधु यंत्रशास्त्राची पदवी घेऊन इ. स. १९६९ सालीं अमेरिकेस गेले, ओहायो राज्यांत स्थायिक झाले आणि तेथेंच त्यांचें देहावसान झालें. घर आवरतांना निघालेले कागद टाकावे कीं ठेवावे, हें न कळून स्नेह्यांनीं ते आमच्याकडे आणिले. पुडक्यांत मोडी फर्द नाहीं कीं मोर्तब केलेली सनद नाहीं. सर्व कागद छापील आणि आपल्या हयातींतले. तरीहि ते आम्हीं सबंध वाचून काढिले. पेशवाईंतील रोजकीर्दी व घरखर्चाच्या याद्या ज्यांनीं रद्दी म्हणून वाण्यास विकल्या त्यांस आज आपण दूषण देतों. तोच दोष पुढच्या पिढीनें आपणांस देऊं नये, एवढाच यांतील हेतु.

पुडक्यांतील मुख्य कागद येणेंप्रमाणें :

(१) लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांत छापलेल्या दोन ओळखपत्रिका. एक जुनी, एक इ. स. २०१८ नंतरची.
(२) सरकारनें विमाधारकांस वांटलेल्या हस्तपुस्तिका, निरनिराळ्या वर्षांच्या.
(३) एका खाजगी विमा कंपनीचा ‘एफ’ या अक्षराचा पुरवणी करार, इ. स. २००६ चा.
(४) सरकारकडून आलेलीं हिशेबपत्रें. त्यांवर ‘हें बिल नव्हे’ असें ठळक छापलेलें आहे.
(५) पुणें येथील एका रुग्णालयाची पावती, इ. स. २०११ ची.
(६) स्नेह्यांच्या वहिनींच्या नांवें एका खाजगी कंपनीकडून आलेलें दोन ओळींचें नकारपत्र, इ. स. २०१७ चें.

पुडकें देतांना स्नेह्यांनीं आम्हांस एक प्रश्न विचारिला. “दादा आणि वहिनी एकाच घरांत राहिले, दोघांसहि सरकारचा एकच विमा. मग दादांना त्यावर आणखी खाजगी विमा कां घ्यावा लागला? आणि दादांना जो मागतांच मिळाला तो वहिनींना कां नाकारला?” प्रश्न घरगुती आहे, पण त्याचें उत्तर इतिहासांतच सांपडतें. ‘मेडिकेअर’ या नांवानें ओळखला जाणारा हा विमा एका हातानें, एका बैठकींत लिहिलेला ग्रंथ नाहीं. तो तीन मसुद्यांची जुळणी आहे, आणि पुढें त्यांत वेळोवेळीं भर पडत गेली. ज्या रिकाम्या जागा भरण्यासाठीं खाजगी पुरवणी निघाली त्यांतील बहुतेक या जुळणीच्या वेळींच राहून गेलेल्या आहेत. हें कागदोपत्रीं दाखविणें हा या लेखाचा विषय होय.

२. पूर्वपीठिका

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं १४ ऑगस्ट १९३५ रोजीं सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. त्यांत वृद्धांच्या निर्वाहवेतनाची तरतूद होती. आजारपणाच्या विम्याची नव्हती. तो विषय मसुदा करणाऱ्यांपुढें होता, परंतु अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संस्थेचा विरोध इतका प्रखर होता कीं, त्यापायीं सगळाच कायदा बुडेल या भीतीनें तो वगळण्यांत आला.

सरकारनें सोडलेली ही जागा खाजगी संस्थांनीं धरली. इ. स. १९२९ सालींच टेक्सास राज्यांतील डॅलस शहरीं बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचे व्यवस्थापक जस्टिन फोर्ड किंबल यांनीं शाळामास्तरांसाठीं एक योजना काढिली होती : दरमहा पन्नास सेंट भरावे, आणि गरज पडल्यास २१ दिवसपर्यंत रुग्णालयांत राहण्याचा हक्क मिळवावा. हिचाच विस्तार होऊन ‘ब्ल्यू क्रॉस’ ही रुग्णालयांच्या खर्चाची विमापद्धति उभी राहिली. डॉक्टरांच्या फीसाठीं कॅलिफोर्नियांत इ. स. १९३९ सालीं निराळी योजना निघाली; तिच्यापासून ‘ब्ल्यू शील्ड’ची परंपरा चालू झाली. रुग्णालयाचा विमा वेगळा व डॉक्टरचा विमा वेगळा हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. सरकारी कायद्यांत तो पुढें जसाच्या तसा उतरला आहे.

या खाजगी विम्यांचा लाभ मुख्यतः नोकरींत असलेल्यांस होई. म्हातारा मनुष्य नोकरींतून सुटला कीं विम्यांतूनहि सुटे. आजार वाढण्याच्या वयांतच छत्र जाई. इ. स. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील सुमारें निम्म्या वृद्धांजवळ रुग्णालयाचा कसलाच विमा नव्हता.

अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनीं १९ नोव्हेंबर १९४५ रोजीं काँग्रेसला संदेश धाडून सर्व प्रजेसाठीं आरोग्यविमा मागितला. तो बेत फसला. तेव्हां इ. स. १९५१ सालीं त्यांचे अधिकारी ऑस्कर यूइंग यांनीं मागणी आंखडती घेतली : सर्वांसाठीं नको, निर्वाहवेतन घेणाऱ्या वृद्धांपुरताच, आणि तोहि वर्षांतून ६० दिवसांच्या रुग्णालयवासापुरताच विमा असावा. हा साठ दिवसांचा आंकडाहि वाचकांनीं टिपून ठेवावा. तो पुढें पुन्हां भेटणार आहे. इ. स. १९५७ सालीं प्रतिनिधिगृहांतील एमी फोरँड यांनीं याच धर्तीचें विधेयक आणिलें. इ. स. १९६० सालीं कर व मिल्स यांच्या नांवानें जो कायदा झाला त्यानें गरीब वृद्धांपुरती, राज्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेली मदत दिली. अध्यक्ष केनेडी यांच्या कारकीर्दींत किंग व अँडरसन यांचें विधेयक आलें. तें १७ जुलै १९६२ रोजीं सेनेटांत ५२ विरुद्ध ४८ मतांनीं पडलें.

३. तीन मसुदे व एक कायदा

इ. स. १९६४ च्या निवडणुकींत लिंडन जॉन्सन प्रचंड बहुमतानें निवडून आल्यावर पारडें फिरलें. इ. स. १९६५ च्या आरंभीं प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीपुढें तीन परस्परविरोधी मसुदे होते. पहिला सरकारपक्षाचा : सर्व वृद्धांस रुग्णालयाचा विमा, पैसा पगारावरील करांतून. दुसरा रिपब्लिकन पक्षाचे जॉन बर्न्स यांचा : ऐच्छिक विमा, त्यांत डॉक्टरांची फीहि, पैसा कांहीं वृद्धांच्या हप्त्यांतून व कांहीं सरकारी तिजोरींतून. तिसरा डॉक्टरांच्या संस्थेचा : कर-मिल्स कायद्याचाच विस्तार, म्हणजे केवळ गरिबांस मदत. तिन्ही पक्षांस वाटत होतें कीं यांपैकीं एक तरेल व दोन बुडतील.

समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनीं २ मार्च १९६५ रोजीं तिन्ही मसुदे एकत्र करण्याची सूचना मांडून सर्वांस चकित केलें. पहिल्याचा ‘ए’ भाग झाला, दुसऱ्याच्या आधारें ‘बी’ भाग झाला आणि तिसऱ्यांतून गरिबांसाठींची ‘मेडिकेड’ ही निराळी योजना निघाली. ज्यांनीं एकमेकांस पाडण्यासाठीं मसुदे लिहिले होते त्यांचेच मसुदे एका बांधणींत शिवले गेले. ८ एप्रिल रोजीं प्रतिनिधिगृहानें ३१३ विरुद्ध ११५ मतांनीं, व ९ जुलै रोजीं सेनेटानें ६८ विरुद्ध २१ मतांनीं विधेयक मंजूर केलें. उभय सभागृहांच्या पाठांतील भेद मिटविल्यावर, ३० जुलै १९६५ रोजीं मिसूरी राज्यांतील इंडिपेंडन्स गांवीं ट्रुमन यांच्या ग्रंथालयांत जॉन्सन यांनीं सही केली आणि पहिली ओळखपत्रिका ८१ वर्षांच्या ट्रुमन यांस दिली. वीस वर्षांपूर्वीं ज्याची मागणी फेटाळली गेली त्याच्याच हातीं पहिला दाखला पडावा, हा योग इतिहासांत क्वचित् येतो.

कायदा १ जुलै १९६६ पासून अंमलांत आला. प्रारंभींच सुमारें १ कोटि ९० लक्ष वृद्ध त्यांत दाखल झाले, आणि ऐच्छिक असूनहि ‘बी’ भाग शेंकडा नव्वदांहून अधिक जणांनीं पत्करिला. वर्णभेद पाळणाऱ्या रुग्णालयास या विम्याचा पैसा मिळणार नाहीं, अशी अट सरकारनें घातल्यामुळें दक्षिणेकडील रुग्णालयांतून गोऱ्यांचे व काळ्यांचे वेगळे कक्ष थोड्याच महिन्यांत मोडले. केवळ हिशेबाच्या कायद्यानें झालेलें हें मोठेंच सामाजिक कार्य होय.

४. मूळ संहितेंतील रिकाम्या जागा

आतां मूळ कायद्याचीं कलमें इ. स. १९६६ च्या आंकड्यांसह पाहूं. ‘ए’ भागाप्रमाणें, रोगी रुग्णालयांत दाखल झाला कीं पहिले ४० डॉलर त्यानें पदरचे द्यावे. पुढें ६० दिवसपर्यंत सर्व खर्च सरकारचा. ६१ व्या दिवसापासून ९० व्या दिवसापर्यंत रोग्यानें रोज १० डॉलर द्यावे. त्यापुढें सर्व भार रोग्यावर. हे चाळीस डॉलर वर्षाचे नव्हेत, तर त्या आजारपणाचे होत. रुग्णालयांतून सुटून ६० दिवस लोटल्यावर पुन्हां जावें लागलें तर पुन्हां चाळीस. ‘बी’ भागास दरमहा ३ डॉलर हप्ता. तेवढीच भर सरकारची. वर्षाचे पहिले ५० डॉलर रोग्याचे. त्यापुढें डॉक्टरच्या मान्य फीचा शेंकडा ८० भाग सरकारचा व शेंकडा २० भाग रोग्याचा. या वीस टक्क्यांस वरची मर्यादा घातलेली नाहीं. शिवाय रक्त द्यावें लागल्यास पहिलीं तीन पिंट रोग्याच्या माथीं. घरीं घ्यावयाचीं औषधें, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि अंथरुणास खिळलेल्याची दीर्घकाळची शुश्रूषा यांचा कायद्यांत समावेशच नव्हता.

दोन्ही भागांची घडण तत्कालीन खाजगी विम्यावरून उचललेली आहे, हें उघड आहे. दिवस मोजून रुग्णालयवास देण्याची रीत ब्ल्यू क्रॉसची. पहिली पदरमोड व मग शेंकडा वीस ही रीत बर्न्स यांच्या मसुद्यामागील व्यापारी कंपन्यांची. दोन्ही एका पुठ्ठ्यांत बांधल्या, पण दोहोंचा मिळून रोग्यावर जास्तींत जास्त किती भार पडावा हें कोणत्याच मसुद्याचें काम नसल्यामुळें कोणीच लिहिलें नाहीं. सर्वांत मोठी फट पडली ती येथें.

आणखी एक मौज. इ. स. २०२५ सालीं ‘ए’ भागाची पहिली पदरमोड १,६७६ डॉलर होती, आणि ६१ व्या दिवसापासूनची रोजची रक्कम ४१९ डॉलर. चाळीसास दहा व १,६७६ स ४१९, दोन्हीकडे प्रमाण चौथाईचें. आंकडे बदलले, परंतु इ. स. १९६५ चा पाठ साठ वर्षें जसाच्या तसा टिकला आहे. ‘बी’ भागाचा हप्ता त्या सालीं १८५ डॉलर व वर्षाची पहिली पदरमोड २५७ डॉलर होती. शेंकडा वीस मात्र तेच वीस.

५. पुरवणीचा बाजार

या फटी बुजविण्यासाठीं खाजगी कंपन्यांनीं जे विमे काढिले त्यांस लोकांनीं ‘मेडिगॅप’ असें नांव दिलें. ‘गॅप’ म्हणजे फट. मूळ ग्रंथास जशी टीका, तशी सरकारी विम्यास ही पुरवणी. मुळांत जेथें सुटलें तेथेंच ती बोलते. परंतु प्रत्येक टीकाकार आपापल्या मनानें लिहूं लागला. एका कंपनीचा करार दुसऱ्याशीं ताडून पाहावा तर दोहोंची परिभाषा निराळी. घरोघर फिरणारे दलाल भित्र्या म्हाताऱ्यांस एकावर एक असे तीन-तीन, चार-चार करार विकूं लागले. एकाच फटीसाठीं चौघांस हप्ता जाई, आणि पैसा देण्याची वेळ आली कीं एकच देई. इ. स. १९७८ सालीं क्लॉड पेपर यांच्या अध्यक्षतेखालील प्रतिनिधिगृहाच्या समितीनें या गैरप्रकारांच्या साक्षी घेतल्या. इ. स. १९८० सालीं सेनेटर मॅक्स बॉकस यांच्या नांवानें दुरुस्ती झाली : व्यक्तीस विकलेल्या विम्यांत जमा झालेल्या दर डॉलरांतील निदान ६० सेंट व समूहाच्या विम्यांत ७५ सेंट विमाधारकांच्या आजारपणावर खर्ची पडले पाहिजेत. दुरुस्तीचा रोख योग्य होता; परंतु करारांचें जंगल तसेंच राहिलें.

६. इ. स. १९८८ चा फसलेला प्रयोग

फटी मुळांतच बुजवाव्या, म्हणजे पुरवणीचें कारणच उरणार नाहीं, असाहि एक यत्न झाला. अध्यक्ष रेगन यांनीं १ जुलै १९८८ रोजीं सही केलेल्या कायद्यानें पदरमोडीस वार्षिक मर्यादा घातली व औषधेंहि विम्यांत आणिलीं. मात्र सर्व खर्च वृद्धांनींच भरावा अशी योजना असून, प्राप्तिकर देणाऱ्या सधन वृद्धांवर इ. स. १९८९ सालीं माणशीं ८०० डॉलरपर्यंत जादा आकार बसणार होता. यांतील पुष्कळांजवळ आधींच पुरवणी होती, कित्येकांस ती जुन्या मालकांकडून मिळालेली होती. जें आपल्यापाशीं आहे त्यासाठींच पुन्हां पैसे कां भरावे, असें त्यांस वाटलें. १७ ऑगस्ट १९८९ रोजीं शिकागो येथें प्रतिनिधि डॅन रॉस्टेन्कोव्स्की यांची मोटार संतप्त वृद्धांनीं अडविली. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा रद्द झाला. सोळा-सतरा महिन्यांत जन्मून निमालेला हा कायदा अभ्यासकांनीं अवश्य पाहावा. कारण पुरवणीनें एकदां मूळ धरिलें कीं तीच मूळ ग्रंथाच्या दुरुस्तीच्या आड येते, याचें तो ढळढळीत उदाहरण आहे.

७. अक्षरांची यादी

मूळ पाठ सुधारतां येत नाहीं असें ठरल्यावर टीकेची तरी एक प्रत ठरवावी, या बुद्धीनें ५ नोव्हेंबर १९९० चा कायदा झाला. त्यान्वयें इ. स. १९९२ पासून ‘ए’ पासून ‘जे’ पर्यंत दहाच नमुने विकण्यास मोकळीक राहिली. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा व विस्कॉन्सिन या तीन राज्यांचे नमुने पूर्वींपासून वेगळे असल्यानें तीं वगळलीं. ज्याच्याजवळ एक पुरवणी आहे त्यास दुसरी विकणें गुन्हा ठरलें. एका अक्षराचा करार कोणत्याहि कंपनीकडून घ्या, त्यांतील लाभ तेच. फरक केवळ हप्त्याचा.

हप्त्याचीहि तऱ्हा तीन प्रकारची असते : सर्व वयांस सारखा, घेतेवेळच्या वयाप्रमाणें ठरलेला, आणि वयाबरोबर वाढत जाणारा. तिसरा आरंभीं स्वस्त दिसतो व ऐंशींव्या वर्षीं खरा रंग दाखवितो. करार वाचणारानें प्रथम हें कलम शोधावें.

येथें एका घोटाळ्याविषयीं सावध करणें अवश्य आहे. मूळ विम्याच्या भागांस ‘ए’, ‘बी’, ‘सी’, ‘डी’ अशीं अक्षरें आहेत आणि पुरवणीच्या नमुन्यांसहि अक्षरेंच आहेत. दोन्ही वर्णमाला एकमेकींपासून सर्वस्वीं स्वतंत्र होत. ‘बी’ भाग व ‘बी’ नमुना यांचा संबंध नाहीं. दोन वेगळ्या पोथ्यांस एकच संकेताक्षर दिल्यास संपादकाची जी फजिती होते तीच येथें लक्षावधि वृद्धांची होत आली आहे.

‘ए’ नमुना हा सर्वांचा गाभा : ६१ व्या दिवसापासूनची रुग्णालयाची रक्कम, सरकारी दिवस संपल्यावर आणखी ३६५ दिवस, डॉक्टरच्या फीचे शेंकडा वीस आणि तीं पहिलीं तीन पिंट रक्त. पुढील अक्षरांत कमीजास्त भर. ‘एफ’ हा सर्व फटी बुजविणारा. यादींतहि पुढें बदल झाले. इ. स. २०१० सालीं ‘ई’, ‘एच’, ‘आय’ व ‘जे’ यांची नवी विक्री बंद होऊन ‘एम’ व ‘एन’ आले. इ. स. २०१५ च्या कायद्यानें असें ठरलें कीं १ जानेवारी २०२० रोजीं वा नंतर जे प्रथम पात्र होतील त्यांस ‘सी’ व ‘एफ’ मिळूं नयेत. पहिली पदरमोडहि ज्यास करावी लागत नाहीं तो डॉक्टरकडे उगाच जातो, असा यामागील तर्क. तेव्हांपासून नव्यांस ‘जी’ हाच ‘एफ’ च्या सर्वांत जवळचा नमुना उरला. ‘बी’ भागाची वार्षिक पदरमोड सोडून बाकी सर्व तो देतो.

८. ‘सी’ व ‘डी’ भाग

इ. स. १९९७ सालीं ‘सी’ भाग कायद्यांत आला, इ. स. २००३ पासून त्यास ‘मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज’ म्हणतात. यांत सरकार खाजगी कंपनीस माणशीं ठराविक रक्कम देतें व ती कंपनी ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही भागांचें काम पाहते. बहुधा जादा हप्ता नाहीं, दांत-डोळ्यांचाहि थोडा लाभ, आणि पदरमोडीस वार्षिक मर्यादा. परंतु डॉक्टर व रुग्णालयें कंपनीच्या यादींतलीं, आणि पुष्कळ उपचारांस आगाऊ मंजुरी. इ. स. २०२३ सालीं पात्र वृद्धांपैकीं निम्म्यांहून अधिक या भागांत होते. या भागांत असतांना मेडिगॅपचा उपयोग करितां येत नाहीं. पहिल्यांत मूळ ग्रंथ व त्यावर टीका. दुसऱ्यांत ग्रंथच दुसऱ्या संपादकाच्या स्वाधीन.

औषधांसाठींचा ‘डी’ भाग ८ डिसेंबर २००३ च्या कायद्यानें निर्माण होऊन १ जानेवारी २००६ पासून चालू झाला. इ. स. २०२२ च्या कायद्यान्वयें या भागांतील औषधांवरील पदरमोडीस इ. स. २०२५ सालीं वर्षास २,००० डॉलरची मर्यादा बसली. मूळ ‘ए’ व ‘बी’ भागांस मात्र तशी मर्यादा अद्यापि नाहीं.

९. पुडक्यांतील कागदांचें उत्तर

आतां स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळूं. दादांस पुरवणी कां घ्यावी लागली याचें उत्तर वर आलेंच आहे : इ. स. १९६५ च्या जुळणींत राहिलेल्या, मर्यादा नसलेल्या फटीसाठीं. ती मागतांच मिळाली याचें कारण इ. स. १९९० च्या कायद्याच्या एका कलमांत आहे. मनुष्य ६५ वर्षांचा होऊन त्याचा ‘बी’ भाग चालू झाल्या दिवसापासून सहा महिनेपर्यंत कोणतीहि मेडिगॅप कंपनी त्याच्या प्रकृतीकडे बोट दाखवून त्यास नाकारूं शकत नाहीं, वा हप्ता वाढवूं शकत नाहीं. दादांच्या करारावरील तारीख त्या सहा महिन्यांच्या आंत पडते.

वहिनी इ. स. २००९ सालीं पात्र झाल्या. जादा हप्ता नको, म्हणून त्यांनीं ‘सी’ भाग पत्करिला. प्रकृति निकोप होती तोंवर कांहीं अडलें नाहीं. इ. स. २०१६ च्या शेवटीं आजार उद्भवला. ज्या रुग्णालयांत जावेंसें वाटलें तें कंपनीच्या यादींत नव्हतें. म्हणून शरदांतील मुदतींत त्यांनीं ‘सी’ भाग सोडला व १ जानेवारी २०१७ पासून त्या मूळ विम्याकडे परतल्या. दादांस मिळाली तशी पुरवणी आपणांसहि मिळेल असें दोघांनींहि गृहीत धरिलें होतें. पण सहा महिने केव्हांच उलटून गेले होते. पहिल्यानेंच ‘सी’ भागांत गेलेल्यास पहिल्या बारा महिन्यांत परतण्याची सवलत असते, तीहि सरली होती. कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन व न्यूयॉर्क या चार राज्यांत वृद्धांस पुढेंहि हा दरवाजा उघडा ठेविलेला आहे. ओहायो त्यांत नाहीं. कंपनीनें प्रकृतीचे प्रश्न विचारले आणि दोन ओळींत नकार कळविला. कायद्याच्या दृष्टीनें तिनें कांहीं गैर केलें असें म्हणतां येत नाहीं.

त्या वर्षाचीं दोघांचीं हिशेबपत्रें आम्हीं शेजारीं-शेजारीं मांडून पाहिलीं. नमुना तोच, रकाने तेच. ‘आपणांकडून जास्तींत जास्त मागितली जाऊं शकणारी रक्कम’ हा रकाना दोहोंतहि भरलेला. दादांच्या पत्रावर त्या रकमेपुढें पेन्सिलीनें बरोबरची खूण आहे, म्हणजे ती पुरवणीनें भरली. वहिनींच्या पत्रावर खूण नाहीं. समासांत दादांच्या हातची बेरीज आहे, तीखालीं दोन रेघा आहेत. वर्षअखेरीस वहिनी पुन्हां ‘सी’ भागांत गेल्या. ‘हें बिल नव्हे’ हें शीर्षक अक्षरशः खरें असलें तरी बिल मागाहून येतेंच, हें त्या दोन रेघा सांगतात. एवढ्या मोठ्या कायद्याचा भार एका घरावर कसा पडला याचा याहून बोलका पुरावा आम्हांस सांपडला नाहीं.

राहिली पुण्याची पावती. मेडिकेअर हिंदुस्थानांत उपचारांचे पैसे देत नाहीं. परंतु ‘सी’, ‘डी’, ‘एफ’, ‘जी’, ‘एम’ व ‘एन’ या नमुन्यांत परदेशप्रवासाचें एक कलम आहे : प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत अकस्मात् उपचार लागल्यास वर्षाचे २५० डॉलर पदरचे, पुढें शेंकडा ८० भाग कंपनीचा, आणि जन्मभर मिळून कमाल ५०,००० डॉलर. इ. स. २०११ सालीं दादा पुण्यास आले असतां मनगट मोडलें. त्याची ही पावती, तिला करारांतील त्या कलमाची नक्कल टांचणीनें जोडलेली. इ. स. १९९२ पासून हे आंकडे हलले नाहींत. ‘ए’ भागाची पदरमोड चाळीसांवरून सोळाशेंवर गेली आणि परदेशचें कलम मात्र होतें तेथेंच राहिलें, यावरून मसुदा करणारांचें लक्ष कोठें होतें व कोठें नव्हतें हें कळून येतें.

१०. मराठी कुटुंबांचा संबंध व उपसंहार

अध्यक्ष जॉन्सन यांनीं इ. स. १९६५ सालीं दोन सह्या केल्या : ३० जुलै रोजीं या विम्यावर, आणि ३ ऑक्टोबर रोजीं परदेशच्या लोकांस अमेरिकेचें दार उघडणाऱ्या कायद्यावर. दुसऱ्या सहीनें जे मराठी अभियंते व डॉक्टर तरुणपणीं तिकडे गेले ते आतां पहिल्या सहीच्या छायेखालीं आले आहेत. पगारावरील कर सुमारें दहा वर्षें, म्हणजे चाळीस तिमाही भरला असल्यास ‘ए’ भागास हप्ता लागत नाहीं. मागाहून मुलांनीं नेलेल्या आईबापांची गोष्ट वेगळी : कायम वास्तव्याचा परवाना व सलग पांच वर्षांचा वास झाल्यावरच त्यांस विम्यांत येतां येतें, आणि कर भरलेला नसल्यानें ‘ए’ भाग विकत घ्यावा लागतो, इ. स. २०२५ सालीं त्याचा पूर्ण हप्ता दरमहा ५१८ डॉलर होता. ‘बी’ भाग वेळेवर न घेतल्यास विलंबाच्या दर पूर्ण वर्षास शेंकडा दहा जादा हप्ता बहुधा जन्मभर बसतो; चालू नोकरीचा विमा असल्यास मात्र सूट आहे. पासष्टावें वर्ष जवळ आलेल्यांनीं हीं दोन कलमें, सहा महिन्यांचें व शेंकडा दहाचें, आधीं वाचावीं अशी आमची सूचना आहे. स्नेह्यांच्या वहिनींस हें सांगणारें कोणी भेटलें नाहीं.

शेवटीं संग्राहकांस विनंति. ज्यांच्या आप्तांकडे अशीं पुडकीं असतील त्यांनीं तीं टाकूं नयेत. करार, हिशेबपत्रें, नकारपत्रें आणि विशेषतः समासांतील हस्ताक्षर यांचें मोल पुढें वाढेल. छापील कायदा कोठेंहि मिळतो, परंतु तो घरांत कसा वाचला गेला हें याच कागदांवरून कळतें. मात्र एक दक्षता घ्यावी. इ. स. २०१८ पूर्वींच्या ओळखपत्रिकांवरील क्रमांक मनुष्याच्या सामाजिक सुरक्षेच्या क्रमांकावरूनच घेतलेला असे. त्याच्या गैरवापराच्या भीतीनेंच त्या सालापासून नव्या अकरा अक्षरांकांच्या पत्रिका निघाल्या. तेव्हां जुन्या पत्रिकेचा ठसा छापूं नये, व नक्कल करितांना क्रमांक झांकावा. प्रस्तुत पुडक्यांतील क्रमांक आम्हीं तसेच झांकून ठेविले आहेत, आणि स्नेह्यांच्या अनुमतीनें पुडकें बांधून, यादी जोडून, संग्रहांत दाखल केलें आहे.